सिलिॲक असलेली मुलगी चोरून बिस्किटं खाते, काय करू?

तुमच्या सात वर्षांच्या मुलीला सिलिॲक (ग्लुटेन, म्हणजे गहू, बार्ली, राय या धान्यांतलं प्रथिन, न चालण्याचा आजार) निघाल्यापासून ती वाढदिवसांना जायला नको म्हणते, आणि परवा तिच्या दप्तरात बिस्किटांचा पुडा सापडला. तिला रागवायचं की समजवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलालाही हाच आजार आहे. तुमच्या लेकीपेक्षा लहान होता तेव्हा कळला, आता तो कॉलेजला जातो.

रागवू अजिबात नका. रागावलं की मुलं खायची थांबत नाहीत, फक्त सांगायची थांबतात. तिने स्वतःहून "आई, मी खाल्लं" असं सांगण्याची तुम्हाला पुढची कितीतरी वर्षं गरज पडणार आहे.

त्याऐवजी आत काय होतं ते तिला दाखवा. सात वर्षांच्या मुलाला हे छान कळतं. मी कागदावर मुलाचा पंजा ठेवून त्याची बाह्यरेषा काढली होती. आतड्याच्या आत अशी बारीक बारीक बोटं असतात, अन्नातलं पोषण तीच उचलून घेतात. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकारशक्ती आतड्यावरच हल्ला चढवते आणि ती बोटं झिजून सपाट होतात. ग्लुटेन पूर्ण बंद केलं की पुन्हा वाढतात. काही मुलांना ग्लुटेन खाऊनही पोटात दुखत नाही. "काही झालं नाही, म्हणजे मला चालतं" असं त्यांना वाटतं, म्हणून हे चित्र फार उपयोगी पडतं.

माझ्या मुलाला आणखी एक गोष्ट आवडायची. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना आधीपासूनच गव्हाचा संशय होता, आणि त्या उपासमारीच्या काळात त्यांचा तो संशय बळावला. 1950मध्ये त्यांनी प्रबंधातून ते मांडलं. आपल्यासारख्या मुलांसाठी कुणीतरी इतका विचार केला, याचं त्याला अप्रूप होतं.

वाढदिवसांचं म्हणाल तर आदल्या दिवशी फोन करून बेत काय आहे ते विचारा आणि शक्यतो तसंच दिसणारं तिच्यासोबत द्या. आम्ही ग्लुटेनमुक्त केकचे तुकडे फ्रीझरमध्ये कायम ठेवायचो. वर्गात अचानक कुणी खाऊ वाटतं, त्यासाठी तिच्या नावाचा एक डबा बाईंकडे ठेवा. आणि "मला हे चालत नाही, माझं मी आणलंय" हे वाक्य घरी खेळता खेळता तिच्या तोंडात बसवा. मोठी माणसं "एवढ्याशाने काय होतंय" म्हणतात, तेव्हा ते कामी येतं.

घरात तिचं ताट वेगळं पडू देऊ नका. भात, बटाटे, डाळी, अंडी, मासे, भाज्या, फळं, दूध यांत मुळात ग्लुटेन नसतंच, तेव्हा मुख्य जेवण सगळ्यांचं एकच ठेवता येतं. पाकिटातल्या ग्लुटेनमुक्त बिस्किटांवर भिस्त नको, त्यांत बऱ्याचदा तंतू कमी आणि साखर जास्त असते. घरात साधा ब्रेड येत असेल तर टोस्टर, चाळणी आणि लाकडी चमचे तिचे वेगळे हवेत. जॅमची बाटलीसुद्धा! ब्रेडला लावलेली सुरी पुन्हा बाटलीत गेली की कण आत राहतात. हात साबण-पाण्यानेच धुवायचे, सॅनिटायझरने ग्लुटेन निघत नाही.

वाचता येतंय तर पाकिटावरचा मजकूर तिलाच वाचू द्या. गहू, बार्ली, राय आणि माल्ट हे शब्द तिने बोट ठेवून शोधायचे. कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचा माल्ट असू शकतो, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. 'गहू नाही' लिहिलंय म्हणजे ग्लुटेन नाही असं नव्हे. 'ग्लुटेनमुक्त' लिहायला आंतरराष्ट्रीय निकषानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

तुम्ही धाकट्या मुलाचाही उल्लेख केलाय. सख्ख्या भावंडांत हा आजार साधारण दहात एकाला निघतो, म्हणून त्याचीही रक्ततपासणी करून घ्या, पण घरचं जेवण बदलायच्या आधी. ग्लुटेन बंद केल्यावर तपासणी केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.