गावच्या नाटकाला पडद्यामागे किती माणसं लागतात?

खानापूरकडच्या गावात जत्रेला दोन अंकी नाटक बसवताय, तर सहाजण पुरतात: प्रकाश, ध्वनी, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू), रंगभूषा-वेशभूषा, पडदा आणि सगळ्यांना क्यू (कधी काय करायचं तो इशारा) देणारा एक. या शेवटच्याला भूमिका देऊ नका. नट कमी पडले की नेमका हाच मोह होतो.

प्रॉपर्टीचं टेबल विंगेतच, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला आडोशाला हवं. त्यावर पांढरा कागद अंथरा, प्रत्येक वस्तूभोवती मार्करने रेघ मारा, आत वस्तूचं नाव आणि प्रवेश क्रमांक लिहा. पडदा उघडण्याआधी नुसती नजर फिरवली तरी रिकामी चौकट दिसते. चष्मा, पत्र, किल्ली हमखास गायब, कारण नट ती खिशात घालून मेकअपरूममध्ये जातो.

खरी गडबड विजेची. १००० वॅटचा पार दिवा (रंगमंचावर झोत टाकणारा) २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर खेचतो. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच. चौथा लावलात तर प्लग तापून काळा पडतो. एक्स्टेंशनची वायर पूर्ण उलगडा, गुंडाळी तापते. माईकची लाइन डिमरपासून (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं उपकरण) वेगळी घ्या, नाहीतर घरघर ऐकू येते.

ब्लॅकआउटमध्ये नट ठेचकाळतात, म्हणून पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी टेप. ती आधी उजेडात ‘चार्ज’ व्हायला हवी.