आजोबांवर लिहायला बसण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आजोबांवर लेख लिहायचाय, स्मरणसभा घ्यायची आहे, घरातले सगळे तुझ्याकडेच बघतायत आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. लेखाचं सांगतो, पण त्याआधी स्टुडिओतल्या ओल्या मातीचं बघायला हवं. ते काम थांबणारं नाही.

आजोबा घडवत होते ते आजीचं मातीचं पोर्ट्रेट अर्ध्यात राहिलं, ते अजून टर्नटेबलवर ओल्या फडक्यात, वरून प्लास्टिक गुंडाळून उभं आहे. आजी रोज ते फडकं भिजवते. तिला ते तसंच राहावंसं वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण माती अशी किती दिवस धरणार? पाणी चुकलं की शाडू सुकून आवळायला लागतो, आतला लोखंडी सांगाडा मात्र तसूभर हलत नाही, आणि मग मानेला, नाकाच्या कडेला भेगा जातात. पाणी जास्त झालं तर वरचं काम धुऊन निघतं. त्यांचा अंगठा जिथे जिथे फिरलाय, ते सगळं त्या वरच्या थरातच आहे. म्हणून याच आठवड्यात साचा काढून ते प्लास्टरमध्ये उतरवायला मोल्डिंगवाल्या मामांना बोलाव.

काय होणार ते आजीला आधी नीट सांग, तिच्याजवळ बसून. मामा मध्यावर पत्र्याच्या पातळ पट्ट्या टोचतील, म्हणजे पुढची आणि मागची बाजू वेगळी होते. प्लास्टरचा पहिला पातळ थर नीळ घालून देतील, त्यावर जाड पांढरा. साचा सुटला की आतली माती उकरून काढावी लागते, म्हणजे मूळ शिल्प जातंच. मग आतून साबणाचं पाणी लावून प्लास्टर आणि काथ्या भरायचा, आणि शेवटी छिन्नीने साचा फोडायचा. फोडताना निळा थर दिसला की मामांचा हात आपोआप हलका होतो, कारण त्याच्या लगेच खाली आजीचा गाल असतो. हे सगळं ऐकून ती नको म्हणाली, तर तिचं ऐक. चारी बाजूंनी, तिरप्या उजेडात फोटो काढून ठेव आणि माती तिच्याकडे राहू दे. तो हक्क तिचा आहे.

त्यांचे विद्यार्थी येतील, प्रेमापोटी म्हणतील, एक कान आणि केसच राहिलेत, आम्ही पुरं करतो. करू देऊ नकोस. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला आजोबा नव्या मुलांना हमखास घेऊन जायचे. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं लेणं, आपल्याच काळ्या बसाल्टात कोरलेलं आणि अपुरं राहिलेलं. जिथे काम थांबलंय तिथे ते मुलांना हात लावून बघायला सांगायचे. फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोचे अपुरे बंदिवान बघून आले, तेव्हा तर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. संगमरवरात अजून अडकलेली ती शरीरं बघून शिल्पकार विचार कसा करतो ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही थांबलेलं काम जिथे थांबलं तिथेच राहू दे.

आता लेख. तुझ्या कच्च्या मसुद्यात देशांची लांबलचक यादी आहे. पासपोर्ट चाळून केलीस ना? ती काढून टाक. ते जगभर हिंडले हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. कुठून काय घेऊन आले आणि इथे त्याचं काय केलं, ते शोध. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला ते धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींच्या शेजारी मांडी घालून बसले. तिथे मेणाच्या मूर्तीवर पहिला हात कावेरीच्या गाळमातीचा देतात, इतकी बारीक माती की मेणावरची रेघन् रेघ ती उचलते. परत आल्यावर आजोबा साच्याची विटकरीची पूड मलमलच्या फडक्यातून चाळून घ्यायला लागले. आजीची जुनी पातळं त्यात संपली. तुझ्या आईच्या पोर्ट्रेटमधल्या पापण्या बघ, आणि त्याच्या आधीचं कुठलंही ब्राँझ शेजारी ठेवून बघ. स्वामीमलैवर तुला वेगळा परिच्छेद लिहावा लागणार नाही.

ऑस्लोचं तर मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथल्या बागेत गुस्ताव विगेलंडची दोनशेहून अधिक शिल्पं आहेत, एकट्या पुलावर 58 ब्राँझ. राजा नाही, सेनापती नाही. पोरांना अंगाखांद्यावर खेळवणारा बाप, चिडून पाय आपटणारं मूल, एकमेकांना बिलगलेली माणसं. त्या प्रवासानंतर आजोबांनी चौकातल्या पुतळ्यांची कामं कमी केली आणि घरातली माणसं घडवायला घेतली. पैसा घटला, घरात कुरबुरही झाली. पण आज तुमच्या हॉलमध्ये जी टेराकोटाची रांग आहे, तिचं मूळ मला त्या पुलावर दिसतं. त्यातलं तुझं तान्हेपणीचं डोकं उचलून मागून बघ. मानेच्या खळगीत त्यांच्या अंगठ्याच्या रेषा भाजल्या गेल्यात, भिंग घेतलंस तर मोजता येतील.

जे जे त्यांच्यासमोर बसले, त्यांना गाठ. समोरचा माणूस पंधरा-वीस मिनिटांत कंटाळतो, खांदे उतरतात, फोटोसाठी धरलेला चेहरा सुटतो. आजोबा तोवर नुसती माती मळत गप्पा मारायचे: गावाकडे पाऊस कसा आहे, मुलगी काय करते, काल काय जेवलात. मग हात चालायला लागायचा. त्या खुर्चीत माणसं घरात न बोललेलं बोलून गेली आहेत. सगळं छापायचं नसतं, पण गप्पा कशावर चालायच्या तेवढं विचार. तांबट आळीतही जा. तिथल्या कारागिरांशी त्यांची मैत्री होती आणि तुमच्या घरात त्यातलं फारसं कुणाला माहीत नाही.

शिवाजीनगरला मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तू पाहिला असशील. 1928 सालचा, विनायक पांडुरंग करमरकरांचा. अलिबागजवळच्या सासवन्याचा हा माणूस मुंबई, कोलकाता, लंडन करून आला, आणि सासवन्याचं त्यांचं घर आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. एकदा आजीला घेऊन जा. सिमेंटमधली म्हैस बघून ती खूश होईल. तिथे काय जपलंय आणि कसं मांडलंय ते तू बघून घे. एवढी मोठी वास्तू आपल्याला जमणार नाही, पण प्रत्येक कामामागे साल, माध्यम आणि कुणाचं आहे हे पेन्सिलीने लिहिणं जमेल. अजून दहा-पंधरा वर्षांनी ती माणसं ओळखणारं कुणी उरणार नाही. सुतळीने बांधलेले साच्याचे तुकडे सोडू नकोस, एक जरी तुकडा इकडचा तिकडे गेला तरी सगळा साचा वाया. प्लास्टरची कामं जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेव, पावसाळ्याआधी.

सभेत पहिल्यांदा फाउंड्रीतल्या ओताऱ्यांना बोलू दे. 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के, असा रस मुशीत तयार झाला की आजोबा सगळ्यांना मागे सरायला लावून स्वतः तिथेच उभे राहायचे. हे ओताऱ्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. मोठी माणसं नंतर बोलतील. बायोडेटा कुणी वाचणार नाही एवढं तू बघ. आजीला व्यासपीठावर बसवू नका. तिला गर्दीत मैत्रिणींबरोबर बसायचं असेल.

मामांचा फोन लागला की कळव. रविवारी सकाळी मी येतोच. ब्राँझची सालं मला बरीच आठवतात, दोघं बसून लिहून काढू.

तुझ्या आजोबांचा मित्र