स्कॉटलंडच्या गेलिक बेटांवरचे 'सामुदायिक कलाप्रकल्प' खरंच तिथल्या लोकांचे असतात, की पर्यटकांसाठी मांडलेला देखावा?

तुमचा प्रश्न असा दिसतोय: पुढच्या उन्हाळ्यात हेब्रिडीजला, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या, गेलिक ही जुनी भाषा टिकून असलेल्या बेटांवर जायचं ठरलंय, 'बेटाच्या गोष्टी आणि निसर्गाचा उत्सव' अशा कलाप्रकल्पांच्या जाहिराती दिसतायत, आणि मोजक्या सुट्टीतला वेळ त्यावर घालवावा का ते कळत नाहीये. मी ग्लासगोत राहतो आणि सुट्टी मिळाली की पश्चिमेकडची फेरीबोट पकडतो, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतोय. वेळ घालवा, पण निवडून. काही प्रकल्प अनुदान आलं म्हणून उभे राहतात आणि अनुदान संपलं की एक फलक मागे ठेवून गायब होतात. काही मात्र गावाने आधीच चालवलेल्या कामातून उगवलेले असतात. दोन्हींच्या पत्रकावरचे फोटो सारखेच सुंदर असतात, त्यामुळे पत्रकावरून काही कळत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे 'निसर्ग' म्हणजे नुसता देखावा नाही. नॉर्थ युइस्ट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सॉलस नावाची वस्ती आहे. पांढरी वाळू, मागे शिंपल्यांच्या चुऱ्यावर वाढलेलं फुलांचं गवत. या गवताळ पट्ट्याला तिकडे 'माखर' म्हणतात. आपण गाडी थांबवून फोटो काढतो. पण १८४९मध्ये इथल्या कर्जबाजारी जमीनदाराने, लॉर्ड मॅकडोनाल्डने, इथली कुटुंबं हुसकावून लावायला घेतली. लोक हटेनात, तेव्हा इन्व्हरनेसहून पोलीस आणले, आणि त्यांच्यावर दगड घेऊन पुढे झाल्या त्या बायका. आपल्याला रिकामी हिरवळ दिसते तिथे गावकऱ्याला कोणाचं घर कुठे होतं ते दिसतं. म्हणून तिथे 'गोष्टी' आणि 'जमीन' हे दोन वेगळे विषय नाहीतच.

या गोष्टी गोळा करायचं मूळ काम कलाकारांनी केलेलं नाही. ते केलं गावोगावच्या इतिहास मंडळांनी. लुईस बेटाच्या उत्तर टोकाला, नेसमध्ये, असं मंडळ १९७७मध्ये सुरू झालं आणि नंतर बेटोबेटी त्याची लागण झाली. काम अगदी साधं: म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, जुने फोटो जमवायचे, फोटोतला कोण कोणाचा मुलगा ते लिहून ठेवायचं, कोणत्या शेतावर कोणत्या पिढीत कोण होतं याची नोंद करायची. या मंडळाच्या खोलीत चहा पीत एखादा तास बसलात तर दोन आजोबा एका फोटोवरून हुज्जत घालताना ऐकायला मिळतील, आणि माझ्या मते कुठल्याही प्रदर्शनापेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

आता प्रत्यक्ष बघायचं ठिकाण. एकच निवडायचं तर मी लॉकमॅडी सांगेन. नॉर्थ युइस्टचं मुख्य बंदर, स्काय बेटावरच्या उइगहून फेरीबोटीने पावणेदोन तासांच्या आसपास. तिथे अगदी पाण्याच्या काठावर ताय ह्यर्सावाघ नावाचं संग्रहालय आणि कलाकेंद्र आहे. इमारत मुळात अठराव्या शतकातली खाणावळ. केंद्राच्या मुळाशी बेटाचं इतिहास मंडळ आहे, आणि ते आत शिरताच जाणवतं. एका खोलीत मासेमारी आणि शेतीची जुनी अवजारं, शेजारच्या खोलीत आजच्या कलाकाराचं प्रदर्शन, कॅफेत सूप पिणारी माणसं गावातलीच.

२०१८मध्ये पेक्का नीट्टीव्हिर्टा आणि टिमो आहो या दोन फिनिश कलाकारांनी या इमारतीवर आणि आजूबाजूला दिव्यांच्या पट्ट्या लावल्या होत्या. भरतीचं पाणी वर येऊ लागलं की सेन्सरमुळे त्या पेटायच्या, आणि पुढे समुद्र कुठवर येऊ शकतो ती पातळी पांढऱ्या भिंतीवर आडव्या प्रकाशरेषेने दिसायची. फोटो जगभर फिरले. बाहेरचे कलाकार, बाहेरचं कौतुक, हा पर्यटकी देखावाच की, असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही. वादळात समुद्राचं पाणी इथवर चढेल या अंदाजामुळे त्या केंद्राला आहे त्या जागी वाढता येत नाही. ती रेषा म्हणजे त्या संस्थेची रोजची अडचण होती. शिवाय जानेवारी २००५च्या वादळात शेजारच्या साउथ युइस्टवर घर सोडून निघालेलं पाच जणांचं एक कुटुंब समुद्राने नेलं. हे इथे कोणी विसरलेलं नाही. ती रेषा बघताना गावकऱ्याला काय आठवत असेल, ते फोटो शेअर करणाऱ्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

लॉकमॅडीतूनच थोडं चालून गेलं की ख्रिस ड्रुरी या कलाकाराने १९९७मध्ये बांधलेली दगडी खोपी आहे. गोल भिंत, वर गवताचं छप्पर. आत वाकून, वळणाच्या बोळातून जावं लागतं. सुरुवातीला मिट्ट काळोख, काही दिसत नाही, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून बाहेर पडतात. थांबा. डोळे सरावले की समोरच्या भिंतीवर पाणी हलताना दिसायला लागतं. भिंतीत बसवलेल्या भिंगातून बाहेरची खाडी आत आलेली असते. ढग सरकला की चित्र विझतं, ऊन आलं की परत उजळतं. वीज नाही, तिकीट नाही, राखणदारही नाही. पाऊस असेल तर मात्र जाण्यात अर्थ नाही, आणि पाऊस बऱ्याचदा असतो.

खरा-खोटा प्रकल्प ओळखायचा माझा स्वतःचा निकष भाषेचा आहे. नाव गेलिकमध्ये आणि बाकी सगळं इंग्रजीत, असं असेल तर मी सावध होतो. २०११मध्ये या पश्चिम बेटांवरचे निम्म्याहून थोडे जास्त लोक गेलिक बोलत होते, २०२२च्या जनगणनेत ते प्रमाण ४५ टक्क्यांवर आलं. अशा वेळी भाषेला नुसतं शोभेला लावणं मला पटत नाही. याउलट 'फेश', म्हणजे मुलांसाठीची गेलिक संगीत शिबिरं, बघा. १९८१मध्ये 'बारा' (Barra) नावाच्या बेटावर काही पालक आणि गावचा पाद्री यांच्या लक्षात आलं की पोरं आपलं संगीत शिकतच नाहीयेत. त्यांनी सुट्टीत मुलांना गाणी, वाद्यं, नाच शिकवायला सुरुवात केली. आज स्कॉटलंडभर अशा चाळीसच्या वर फेश चालतात. पर्यटकाला त्यात बघण्यासारखं फारसं नसतं, शाळेच्या हॉलमध्ये मुलं अकॉर्डियन आणि फिडल घेऊन बसलेली असतात. संध्याकाळी मैफल असेल तर जरूर जा.

लुईसला जाणार असाल तर बॅलॅलनजवळचं दगडी स्मारक चुकवू नका. भुकेल्या लोकांनी १८८७मध्ये जमीनदाराच्या हरणांच्या रानात शिरून हरणं मारली, त्याची ती आठवण. विल मॅक्लीन या कलाकाराने १९९४मध्ये ते उभारलं. रस्त्यालगतच आहे.

गेलिक येत नाही ही अडचण मानू नका, तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं. निघण्यापूर्वी 'टोबर आन डुअलखाइश' या संकेतस्थळावर युइस्टच्या कथाकारांची जुनी ध्वनिमुद्रणं फुकट ऐका. अर्थ कळला नाही तरी चालेल, गोष्ट सांगणाऱ्याची लय कानात बसते. आणि वेळापत्रक आखताना रविवार सांभाळा: लुईस, हॅरिस आणि नॉर्थ युइस्ट प्रॉटेस्टंट, तिथे रविवारी बरंच काही बंद असतं. साउथ युइस्ट आणि 'बारा' ही बेटं कॅथलिक, तिथे एवढी कडक पाळणूक नाही. त्यामुळे रविवार दक्षिणेकडे टाका. गाडी नेणार असाल तर फेरीचं आरक्षण आत्ताच करून टाका, उन्हाळ्यात ऐनवेळी जागा मिळत नाही.