'द हॉबिट' वाचून 'वैयक्तिक प्रतिसाद' म्हणजे काय लिहायचं? गोव्यातल्या मुलीला त्यात आपलं काय सापडणार?

तुमची मुलगी नववीत आहे. बाईंनी टॉल्किनची 'द हॉबिट' वाचून दोन पानी वैयक्तिक प्रतिसाद लिहायला सांगितलाय. सारांश नेटवर ढिगाने मिळतात, पण 'तुला काय वाटलं ते लिही' म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला कळत नाहीये. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की ड्रॅगन, बुटके आणि जादूगारांच्या या परक्या गोष्टीत म्हापशातल्या मुलीला आपलं असं काय सापडणार?

सापडतं. मला सापडलं होतं, आणि ते लिहिलं म्हणून दहापैकी तीन गुण मिळाले होते. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

मी डिचोली तालुक्यातली, खाणपट्ट्यातली. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीतून, इकडच्या बहुतेक मुलांसारखीच. 2013-14 साली मी नववीत होते. कादंबरी 1937 सालची, इंग्रजी जुन्या वळणाचं. 19 प्रकरणं वाचायला मला दिवाळीपासून फेब्रुवारी उजाडला. सुरुवातीला कंटाळा आला हेही सांगते. तेरा बुटक्यांची नावं कानाला सारखीच लागतात आणि जरा कुठे गोष्ट पुढे सरकली की कुणीतरी गाणं म्हणायला लागतं. मी गाणी सोडून वाचली.

पहिल्यांदा थांबले ती कराराच्या कागदापाशी. ड्रॅगननं बळकावलेला आपला डोंगर आणि सोनं परत मिळवायला बुटके निघतात आणि गोष्टीचा नायक, हॉबिट बिल्बो, याला चोर म्हणून सोबत घेतात. त्यांचा म्होरक्या थोरिन त्याला लिहून देतो: नफा झालाच तर जास्तीत जास्त चौदावा हिस्सा, प्रवासखर्च वेगळा, आणि तशी वेळ आली तर अंत्यविधीचा खर्च. बाबांनी कर्ज काढून टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, घेतला तेव्हा आई पडवीत बसून बँकेचा एकेक कागद असाच वाचत होती. हप्त्यांच्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं होतं, "आणि खाण बंद पडली तर?" बाबा नुसते हसले होते.

10 सप्टेंबर 2012 ला खाणी थांबल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत येऊन तीनच दिवस झाले होते. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. शाळेत जाताना ज्या रस्त्यावर आम्ही नाकाला रुमाल लावायचो तिथली टिपरांची रांग एका दिवसात गेली. घराघरांसमोर ट्रक उभे राहिले, आणि पेपरात आमच्यासाठी शब्द आला, 'खाण अवलंबित'. बाबा रोज सकाळी टिपरवरची ताडपत्री अर्धी सारून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. कुणी विचारलं की एकच उत्तर, "आयज ना जाल्यार फाल्यां खण सुरू जातली." दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या चाकावरून घोसाळ्याचा वेल वर चढला. बाबांनी तो तोडला नाही, आणि आईनं त्यावरची घोसाळी काढून भाजी केली ती ते जेवलेही नाहीत.

या दिवसांत मी ते पुस्तक वाचत होते. थोरिनचं वागणं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपला डोंगर होता, तो गेला, तो परत मिळणार, यापलीकडे त्याला काही दिसत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी पोचल्यावर त्यांना उजाड मुलूख दिसतो, कधीकाळी हिरवा असलेला. तिथे मला आजीचं वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातशेत, आठवलं. पावसात खाणीचा गाळ वाहून शेतात बसला आणि आजीनं शेवटचं भात कापलं ते मी जन्मायच्या आधी. इथे कुणालाही वाटेल की मग लिहून टाकावं, स्माऊग ड्रॅगन म्हणजे खाणमालक. मी तसं लिहिलं नव्हतं. स्माऊग खणत नाही, तो आयत्या सोन्यावर झोपतो. डोंगर पोखरला होता तो बुटक्यांनी, आणि पायथ्याचं डेल गाव त्यांच्याच धंद्यावर श्रीमंत झालं होतं. आमच्या घरावरचा स्लॅब, माझी सायकल, दादाचं आयटीआय, सगळं टिपरच्या ट्रिपांवर झालेलं. हे लिहिताना हात थरथरला होता, कारण घरात ते कुणी बोलत नव्हतं.

पण मी जिच्यासाठी तो निबंध लिहिला ती गोष्ट पुढची आहे. स्माऊग मरतो, आणि मरताना सरोवरावरचं गाव जाळून जातो. तिथली माणसं आपला वाटा मागायला येतात. थोरिन दरवाज्यावर भिंत रचून बसतो, एक नाणं देणार नाही म्हणतो. त्याला हवा असतो आर्केनस्टोन, त्याच्या घराण्याचा दगड. तो बिल्बोला आधीच सापडलेला असतो आणि त्यानं तो उशाच्या गाठोड्यात लपवलेला असतो. सोळाव्या प्रकरणात बिल्बो रात्री दोरावरून उतरतो आणि तो दगड समोरच्यांच्या हातात देतो, का, तर थोरिनला त्यांच्याशी बोलणं भाग पडावं आणि लढाई टळावी.

जानेवारी 2014 मध्ये काकांनी टिपरला गिऱ्हाईक आणलं होतं. बाबांनी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. दोन दिवसांनी संध्याकाळी मी आईला कपाटातल्या साड्यांच्या घडीखालून आरसी बुक काढताना पाहिलं. तिनं ते भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवलं, वर दोन नारळ ठेवले आणि काकांकडे जाऊन आली. सही बाबांचीच लागणार होती, पण गिऱ्हाईकाशी आणि बँकेशी बोलणं एकदा पुढे गेलं की त्यांना अडून बसता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. परत येऊन तिनं हातपाय धुतले, भात लावला आणि बाबांच्या ताटात बांगड्याचं हुमण वाढलं. मधला मोठा तुकडा, नेहमीसारखा. मी समोर बसले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.

बिल्बोही परत येतो. दगड घेणारे त्याला सांगतात, इथेच राहा, आता तिकडे जाऊ नकोस. तो ऐकत नाही. दोर चढून वर येतो, ज्याच्या जागी पहारा घेतला होता त्या बॉम्बुरला ठरल्या वेळी उठवतो, अंग गोळा करून झोपतो, आणि स्वप्नात त्याला अंडी दिसतात. थोरिनला कळतं तेव्हा तो बिल्बोला वाटेल ते बोलून हाकलून देतो. त्या प्रकरणाचं नाव 'रात्रीचा चोर' अशा अर्थाचं आहे. बाबांना आरसी बुकाचं कळलं तेव्हा ते म्हणाले, "घरांतच चोर आसा." मग शिगम्यापर्यंत ते आईशी बोलले नाहीत. टिपर फेब्रुवारीत गेला. वेल आदल्या दिवशी दादानं कापला.

मार्चमध्ये बाईंनी हाच प्रतिसाद लिहायला दिला. वही अजून माझ्याकडे आहे. मोडक्या इंग्रजीत मी जे लिहिलं होतं ते मराठीत असं होईल: 'बिल्बो पळून गेला असता तर तो चोर. तो परत आला. माझी आई पण परत आली. थोरिन मरताना शब्द मागे घेतो. माझे बाबा जिवंत आहेत, म्हणून मी वाट बघते.'

खाली लाल शाईत शेरा: 'विषयांतर. पुस्तकाबद्दल लिही, गावाबद्दल नको.' वर्गात बाई असंही म्हणाल्या की ही कल्पनारम्य कथा आहे, त्यात खाणबंदीचं राजकारण कशाला. ज्या मुलीनं धैर्य, मैत्री आणि लोभाचे दुष्परिणाम असे तीन परिच्छेद उतरवून आणले होते तिला नऊ मिळाले. तिनं पुस्तक उघडलं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा मी काही बोलले नाही. आज मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, आणि त्या शेऱ्याला उत्तर द्यायचं राहिलंय ते इथे देते. टॉल्किनला स्वतःलाच रूपककथा आवडत नसत, अमुक म्हणजे तमुक असं लेखकानं ठरवून दिलेलं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं ते लिहिलंय. त्याला हवी होती अशी गोष्ट, जी वाचणारा आपल्या अनुभवाला लावून बघेल, आणि ते लावून बघणं हे वाचणाऱ्याचं स्वातंत्र्य आहे असं तो म्हणतो. मी नेमकं तेच केलं होतं. दुसरं म्हणजे हे पुस्तक छापायचं की नाही, यावर 1936 साली प्रकाशकानं आपल्या दहा वर्षांच्या मुलाचा, रेनर अन्विनचा अभिप्राय घेतला होता. त्यानं वाचून चार ओळी लिहून दिल्या, त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला, आणि पुस्तक निघालं. दहा वर्षांच्या पोराच्या मताला त्यांनी किंमत दिली. चौदा वर्षांच्या मुलीनं आपल्या घरातलं लिहिलं तर ते विषयांतर कसं?

आता तुमच्या मुलीचं. तिला 'काय कळलं' असं विचारू नका, त्यावर ती सारांशच सांगेल. पुस्तक कुठल्या पानावर मिटलं होतंस, कुणाचा राग आला, कोण ओळखीचं वाटलं, हे विचारा. जे सांगेल ते आधी मराठीत किंवा कोकणीत बोलू द्या, इंग्रजी मागाहून. एकच प्रसंग धरू दे. घरात कुणी खाणीवर नसेल तर नसेल, तिचं दुसरं काही असेल. अंधारातल्या कोड्यांचं प्रकरण आवडलं असेल तर तेही पुरे आहे. त्यात अंड्याचं कोडं आहे, बिजागरी नाही, किल्ली नाही, झाकण नाही अशी पेटी आणि आत सोनं. आपल्याकडे 'कोकणातनं आला भट, धर की आपट' म्हणून नारळ ओळखायला लावतात. बिल्बोशी कोड्यांचा खेळ खेळणाऱ्या गोलमसमोर ती असती तर तिनं काय विचारलं असतं, यावर पान भरेल.

सिनेमावरून मात्र लिहू देऊ नका. लहानशा पुस्तकाचे तीन सिनेमे केलेत. त्यातली टॉरिएल पुस्तकात नाहीच, आणि सिनेमाभर पाठलाग करणारा अझॉग पुस्तकात कधीच मेलेला आहे. बाई वाचणाऱ्या असतील तर पहिल्या परिच्छेदात पकडतील.

माझं काय चुकलं तेही सांगायला हवं. दोन पानांत पुस्तकावर माझ्या पाच-सहाच ओळी होत्या, बाकी सगळा टिपर. बिल्बो दगड का देतो, ते मी पुस्तकातून दाखवलं नव्हतं, थेट आईवर गेले होते. बाईंनी 'प्रसंग उलगडून दाखव' म्हणून सहा गुण दिले असते तर माझी तक्रार नव्हती. आणि घरातली गोष्ट लिहायच्या आधी आईला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. तुमच्या मुलीनं घरातलं काही लिहिलं तर ते वर्गात मोठ्यानं वाचलं जाईल का, हे आधी विचारून घ्या.

टिपर विकल्यानंतर दोन महिन्यांनी, 21 एप्रिल 2014 ला, न्यायालयानं बंदी उठवली. त्या दिवशी आमच्या घरात चूल उशिरा पेटली. प्रत्यक्ष खाणी सुरू व्हायला वर्षाहून जास्त गेलं, आणि 16 मार्च 2018 पासून त्या पुन्हा बंद झाल्या. तोवर शेजारच्या दोघांनी नवे टिपर घेतले होते, कर्ज काढून. त्या रात्री बातम्या बघून बाबांनी टीव्ही बंद केला, स्वतः पाट मांडले आणि आईला म्हणाले, "तूंय बस." त्या दिवसापर्यंत ती आम्हाला वाढून झाल्यावरच जेवायची. आरसी बुकाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी शब्द मागे घेतले असं मी समजते. दादा तसं समजत नाही.

आईला इंग्रजी येत नाही. मग मी तिला सगळी गोष्ट तोंडी सांगितली, वहीत काय लिहिलं होतं तेही. ती तांदूळ निवडत होती. शेवटी बिल्बो घरी येतो तर तो मेला असं समजून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो, स्वतःच्याच वस्तू त्याला पैसे देऊन परत घ्याव्या लागतात आणि चांदीचे चमचे तर सापडतच नाहीत, हे ऐकून तिचा हात थांबला. पुस्तकभर त्याला आपल्या चुलीवरच्या किटलीची आठवण येत असते, ते मी आधी सांगितलं होतं.

"चमचे गेले जाल्यार वचूं," ती म्हणाली. "किटली उरली मगो?"