वादातल्या पदाचे स्वप्न

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुमचा मुलगा संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो शाळेपासून फुटबॉल खेळत आला आहे, परंतु व्यावसायिक खेळाडू होण्याइतका आपला खेळ नाही हे त्याने स्वतःच ओळखले आहे, आणि आता त्याला एखाद्या क्लबचा डायरेक्टर ऑफ फुटबॉल, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री आणि करार पाहणारा फुटबॉल संचालक, व्हायचे आहे. तुमची हरकत खेळाला नाही. या पदाविषयी तुम्ही वाचू लागलात तेव्हा तुम्हाला आढळले की कित्येक मॅनेजर (म्हणजे संघाला प्रशिक्षण देणारे आणि सामन्यासाठी निवडणारे प्रमुख), माजी खेळाडू आणि पाठीराखे यांना हे पद मुळातच अनावश्यक वाटते. जे पद असावे की नसावे यावरच एकमत नाही, त्याच्यासाठी मुलाने उमेदीची वर्षे का घालावीत, असे तुम्ही विचारले आहे.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर मुलाच्या आधी क्लबचा विचार करावा लागेल. क्लबने असा माणूस नेमावा का? माझे मत असे की नेमावा, मात्र खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत अंतिम शब्द कोणाचा हे नेमणुकीच्या आधी लेखी ठरवण्याची तयारी असेल तरच. तशी तयारी नसेल तर ते पद रिकामे राहिलेले बरे, कारण अधिकाराविना बसवलेला संचालक क्लबमध्ये दुसरे सत्ताकेंद्र तयार करतो आणि पहिलेही दुबळे करतो.

या पदाची गरज कशातून निर्माण होते ते पाहा. मॅनेजर पुढच्या सामन्याचा विचार करतो, आणि त्याने तोच करावा, कारण पाच-सहा सामने ओळीने हरले की त्याची खुर्ची डळमळू लागते. खेळाडूचा करार मात्र चार-पाच वर्षांचा असतो. त्यामुळे ज्याच्या आग्रहावरून खेळाडू घेतला तो मॅनेजर निघून जातो, आणि नव्या मॅनेजरला नको असलेला तो खेळाडू पूर्ण पगारासह मागे उरतो. असे दोन-तीनदा झाले की तीन वेगवेगळ्या माणसांच्या तीन वेगवेगळ्या कल्पनांचे तुकडे जोडून झालेला संघ क्लबच्या हाती राहतो. मॅनेजरपेक्षा अधिक काळ टिकणारी अशी एक नजर क्लबमध्ये हवी, एवढेच या पदाचे मूळ समर्थन आहे आणि मला ते पुरेसे वाटते.

हे काम जवळून पाहायचे असेल तर एकाच खेळाडूचा हिशेब मांडू. समजा, २४ वर्षांचा मधल्या फळीतील एक खेळाडू क्लबने ५ कोटी युरोंना पाच वर्षांच्या करारावर घेतला. क्लबच्या हिशेबात ही रक्कम एकदम खर्ची पडत नाही. ती कराराच्या वर्षांवर वाटली जाते, म्हणजे दर वर्षी १ कोटी. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत २ कोटी उरते. तेव्हा तो ३ कोटींना विकला गेला तर १ कोटीचा नफा दिसतो, दीड कोटीला विकला गेला तर अर्ध्या कोटीचा तोटा. आणि विकलाच नाही, करारही वाढवला नाही, तर? कराराचे शेवटचे सहा महिने उरले की तो दुसऱ्या देशातील क्लबशी उघडपणे बोलणी करू शकतो, आणि करार संपला की युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालानंतर आलेल्या नियमांनुसार एक छदामही न मिळता क्लबच्या हातून जातो. म्हणून खरा निर्णय करार संपताना नव्हे, तर दोन वर्षे शिल्लक असताना घ्यावा लागतो. आणि नेमका तेव्हा हा खेळाडू २७ वर्षांचा, ऐन भरात असतो, मॅनेजरला तो दर सामन्यात हवा असतो आणि पाठीराखे त्याच्या नावाची जर्सी घालून मैदानावर येत असतात. त्या क्षणी ‘याला आता विकू या’ असे म्हणणारा माणूस कोणालाच आवडत नाही. मॅनेजरने तो निर्णय घ्यावा अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मालकाने घ्यावा, तर त्याला खेळाचे तेवढे ज्ञान असेलच असे नाही. संचालकाच्या मेजावर असे २५ खेळाडू, शिवाय अकादमीतली मुले, आणि प्रत्येकाच्या नावापुढे वेगळे वर्ष लिहिलेले असते.

आता तुम्ही वाचलेल्या आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप मँचेस्टर युनायटेडचा दाखला देऊन घेतला जातो: मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी १९८६ ते २०१३ या काळात सारे काही जिंकले आणि त्यांच्या क्लबात असे पदच नव्हते. हे खरे आहे. परंतु एकच माणूस २६ वर्षांहून अधिक काळ टिकतो तेव्हा क्लबची स्मरणशक्ती तोच असतो, आणि म्हणून तो जातो तेव्हा तीही जाते. २०१३ मध्ये फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल हे दोघे एकाच वेळी पायउतार झाले. क्लबने फुटबॉल संचालकाचे पद पहिल्यांदा भरले ते मार्च २०२१ मध्ये. मधल्या काळात एकामागून एक मॅनेजर आले आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीचे खेळाडू मागितले. पद निर्माण झाल्यावर तरी सगळे सुरळीत झाले का, असे तुम्ही विचाराल. नाही झाले. इंग्लंडमध्ये या कामात नाव मिळवलेले डॅन ॲशवर्थ जुलै २०२४ मध्ये तेथे रुजू झाले आणि पाचच महिन्यांत बाहेर पडले. नामवंत माणूस आणला म्हणजे काम झाले, ही समजूत किती अपुरी आहे ते यावरून दिसते.

अधिकार संदिग्ध ठेवल्याने काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचे आहे. २००८ च्या जानेवारीत केविन कीगन मॅनेजर म्हणून परतले आणि त्याच महिन्यात डेनिस वाइज यांना फुटबॉलची जबाबदारी असलेले कार्यकारी संचालक नेमण्यात आले. खेळाडूंबाबत अंतिम शब्द आपला, अशी कीगन यांची समजूत होती, आणि क्लबही जाहीरपणे तेच सांगत होता. आत मात्र तो अधिकार वाइज यांच्याकडे असल्याचे मानले जात होते. कीगन यांना नको असलेला एक खेळाडू त्यांच्या इच्छेविरुद्ध घेण्यात आला. तो कसा खेळतो हे यूट्यूबवर पाहा, असे त्यांना सांगण्यात आले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. २००९ मध्ये लवादाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन २० लाख पौंडांची भरपाई मंजूर केली, आणि त्याआधीच, २००८-०९ च्या मोसमाअखेर, न्यूकॅसलची खालच्या श्रेणीत घसरण झालेली होती. या घटनेचा दोष फुटबॉल संचालक या कल्पनेला दिला जातो. माझ्या मते दोष वेगळा आहे: एकच अधिकार दोन माणसांना तोंडी देण्यात आला होता.

याच्या उलट ब्रेंटफर्ड पाहा. मुलाला या क्लबचा बारकाईने अभ्यास करायला सांगा. २०१५ मध्ये या क्लबने आधीच जाहीर केले की खेळाडूंच्या निवडीत मुख्य प्रशिक्षकाचे मत मोलाचे राहील, परंतु नकाराधिकार त्याच्या हाती असणार नाही. त्या वेळच्या मॅनेजरला ही पद्धत पटली नाही, त्यामुळे मोसम चांगला जाऊनही ते मोसमाअखेर बाहेर पडले. फिल जाइल्स आणि रासमुस अँकरसन या दोघांकडे मिळून फुटबॉल संचालकपद आले. सुरुवात वाईट झाली आणि नवा मुख्य प्रशिक्षक काही महिन्यांतच बदलावा लागला. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये डीन स्मिथ दुसऱ्या क्लबकडे गेले, तेव्हा बाहेरून मोठे नाव न आणता त्यांचेच सहायक थॉमस फ्रँक यांना बढती देण्यात आली. फ्रँक पहिल्या दहापैकी आठ सामने हरले. बहुतेक क्लबांत याच टप्प्यावर माणूस बदलला असता. ब्रेंटफर्डने तो बदलला नाही, कारण संघ कसा खेळतो आहे याचे त्यांचे मोजमाप केवळ निकालांवर चालत नव्हते. २०२१ मध्ये हा क्लब ७४ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की फिल जाइल्स यांनी संख्याशास्त्रातच डॉक्टरेट केली आहे.

या पदावरच्या माणसाचे कर्तृत्व तो कोणत्या क्लबात आहे यावरही अवलंबून असते, हे मॉन्ची यांच्या वाटचालीवरून कळते. ते स्पेनमधील सेव्हिया क्लबचे गोलरक्षक होते. २००० साली क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरलेला असताना त्यांनी संचालकपद हाती घेतले. २००६ ते २०२३ या काळात सेव्हियाने युएफा (युरोपीय फुटबॉल संघटना) चषक, म्हणजे आजची युरोपा लीग, सात वेळा जिंकली, आणि या सातही विजयांच्या वेळी मॉन्ची पदावर होते, तर मॅनेजर चार वेगवेगळे होते. मधली दोन वर्षे त्यांनी इटलीतील रोमा क्लबमध्ये काढली, आणि तेथे हे जमले नाही. आर्थिक नियमांच्या दबावाखाली असलेल्या रोमाने २०१७ मध्ये मोहम्मद सलाह आणि २०१८ मध्ये गोलरक्षक ॲलिसन यांना लिव्हरपूलला विकले. त्या व्यवहारांत पलीकडच्या बाजूला होते मायकल एडवर्ड्स. पोर्ट्समथ आणि टॉटनहॅममध्ये सामन्यांचे विश्लेषण करत पुढे आलेल्या एडवर्ड्स यांच्याकडे २०१६ मध्ये लिव्हरपूलचे स्पोर्टिंग डायरेक्टरपद, म्हणजे याच कामाचे पद, आले होते. सलाहसाठी एडवर्ड्स आणि स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या, मंडळींनी आपल्याकडे किती आग्रह धरला होता, हे मॅनेजर युर्गन क्लोप यांनी स्वतः सांगितले आहे. मला या गोष्टीतली सर्वांत मोलाची बाब ही वाटते की क्लोप यांनी तो आग्रह ऐकला. २०१९ मध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०२० मध्ये ३० वर्षांनी देशातील लीगचे विजेतेपद.

हे सारे तुमच्या मुलाच्या दृष्टीने काय सांगते? पहिली बाब अशी की पदाविषयीचा वाद मिटो न मिटो, त्या पदाखाली चालणारे काम वाढतच जाणार आहे. युएफाच्या नियमांनुसार युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना संघावरचा खर्च, म्हणजे पगार, खरेदीचा वाटून आलेला भार आणि एजंटांचे शुल्क, उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावा लागतो. २०२३ मध्ये ९० टक्क्यांपासून सुरू झालेली ही मर्यादा २०२५ पासून ७० टक्क्यांवर आली आहे. खेळाडू आवडला म्हणून घेतला, हे दिवस त्यामुळे मागे पडत आहेत, आणि कोणीतरी हा हिशेब सांभाळणे अपरिहार्य आहे, त्याच्या दारावरची पाटी काहीही असो.

दुसरी बाब थोडी कठोर आहे, आणि ती त्याला तुम्ही नव्हे तर मी सांगितलेली बरी. फुटबॉल संचालक ही कोणाचीही पहिली नोकरी नसते. अशा जागा मोजक्या, त्यांवर माजी खेळाडूंचा ओढा, आणि मालक बदलला की संचालक बदलतो. म्हणून त्याने त्या पदावर नव्हे, तर त्याच्या दोन पायऱ्या खालच्या कामावर नेम धरावा: सामन्यांचे विश्लेषण, खेळाडूंच्या निवडीसाठी आकडेवारीचा अभ्यास, स्काउटिंग. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाची घडी बसवणारे इयन ग्रॅहम हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट होते. तेव्हा मैदानावर नाव कमावलेले नसणे हा आता अडसर राहिलेला नाही. मात्र केवळ आकड्यांवर विसंबणारा मुलगा या क्षेत्रात फार पुढे जात नाही. त्याने प्रशिक्षकाचा प्राथमिक परवाना घ्यावा, स्पॅनिश किंवा पोर्तुगीज भाषा शिकावी, आणि खेळाडूंच्या करारांचा कायदा निदान वाचून समजण्याइतका आत्मसात करावा. अभ्यासक्रम आहेत: इटलीत कोव्हेर्चानो येथील केंद्रात या पदाची रीतसर पात्रता मिळते, आणि फिफा मास्टर हा २००० सालापासूनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांत चालतो. ते खर्चिक असतात; चार-पाच वर्षे काम केल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे मी सुचवीन. तोवर संख्याशास्त्राची पदवी त्याच्यापाशी आहेच, आणि फुटबॉलमध्ये जम बसला नाही तरी ती त्याला दुसरीकडे उभे करील.

कोणत्याही क्लबात मुलाखतीला जाईल तेव्हा त्याने एक प्रश्न अवश्य विचारावा: मॅनेजरला खेळाडू हवा आहे आणि विश्लेषण विभागाला नको आहे, असे याआधी कधी झाले, आणि तेव्हा निर्णय कोणी घेतला? उत्तर चटकन आणि एका नावानिशी मिळाले, तर तेथे शिकायला मिळेल. ‘आम्ही सगळे मिळून ठरवतो’ असे उत्तर आले तर सावध राहावे. २०१७ च्या उन्हाळ्यात एव्हर्टनने रूनी, क्लासन आणि सिगुर्डसन असे जवळपास एकाच जागी खेळणारे तिघे घेतले, आणि विकलेल्या लुकाकूच्या जागी तोलामोलाचा आघाडीपटू आणलाच नाही. सगळे मिळून ठरवतात तेव्हा असेही होते.

आता प्रत्यक्ष काम. त्याने आपल्या आवडीचा कोणताही एक क्लब घ्यावा आणि त्यातल्या पंचवीस खेळाडूंचा तक्ता करावा: वय, करार संपण्याचे वर्ष, खरेदीची किंमत, वहीत उरलेली किंमत, गेल्या मोसमात खेळलेली मिनिटे. शेवटच्या रकान्यात प्रत्येकापुढे ‘ठेवावा’, ‘करार वाढवावा’ किंवा ‘विकावा’ यांपैकी एकच शब्द लिहावा आणि त्याचे कारण दोन ओळींत द्यावे. ‘पाहू’ हा शब्द चालणार नाही. स्वतःचा लाडका खेळाडू त्यातून वगळू नये. महिनाभरात हा तक्ता पूर्ण झाला तर तो माझ्याकडे पाठवा, म्हणजे त्या शेवटच्या रकान्यावर मी त्याच्याशी सविस्तर बोलेन.

आपला स्नेहांकित,
करिअर समुपदेशक