नोट्स द्यायच्या की लपवायच्या?

प्रश्न: मी एसवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे, वर्गात पहिली येते, पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीतून एमएस्सी करायचंय. मैत्रिणी सारख्या नोट्स मागतात, सबमिशनच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिकलचं जर्नल पण मागतात. आई म्हणते काही देऊ नकोस, पुढे जातील. नाही म्हटलं की सगळ्या तुटक वागतात. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: अगं, आईची काळजी कळते पण हिशोब चुकतोय. जॅमची रँक अख्ख्या देशातून लागते, हजारो मुलं बसतात, त्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीला रिअ‍ॅक्शनचं एक मेकॅनिझम कळलं म्हणून तुझी सीट जात नाही, आणि युनिव्हर्सिटीच्या पेपरात तिला 80 पडले म्हणून तुझे मार्क कोणी कापत नाही. स्पर्धा आहेच, पण ती या चारपाच जणींशी नाहीये.

अमेरिकेत बर्कले विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी 1970 च्या दशकात गणितातलं कॅल्क्युलस शिकणारी मुलं अभ्यास कसा करतात ते जवळून पाहिलं. मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करायची. चिनी वंशाची मुलं आधी आपापलं सोडवायची आणि मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची, कोण कुठे अडलं ते बोलायची. ट्राइसमननी मग अवघड गणितांवर गटात काम करायचे वर्ग सुरू केले आणि निकाल खूप सुधारले. यातलं 'आधी आपापलं' मला फार महत्त्वाचं वाटतं, ते गाळलं की ग्रुप स्टडीच्या नुसत्या गप्पा होतात.

तू एसएन वन, एसएन टू या रिअ‍ॅक्शन मैत्रिणीला वहीत न बघता समजावून बघ. टर्शरी हॅलाइड एसएन वननेच का जातं हे सांगशील, पण ती मध्येच विचारेल की मग सॉल्व्हंट बदलला की रेट का बदलतो, आणि तिथे थांबलीस तर तुला कळेल की तुझं काय कच्चं आहे. जॅमला असलेच प्रश्न येतात गं.

म्हणून नोट्स खुशाल दे. जर्नल मात्र देऊ नकोस, रीडिंग उतरवून तिला काहीच येणार नाही, परीक्षेत ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून सोडायची नळी, तिच्याच हातात असणार आहे. त्यापेक्षा प्रॅक्टिकलला शेजारी उभी राहा, एंड पॉइंट जवळ आला की थेंब थेंब कसं सोडायचं, रंग बदलणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी कुठला आणि एक थेंब जास्त पडून गडद झालेला कुठला, ते दाखव. "जर्नल नाही देणार, पण उद्या लॅब सुटल्यावर बस, कॅल्क्युलेशन करून घेऊ" असं सरळ सांग. एकदोघी येतील, बाकीच्या रुसतील, तर रुसू देत.