वाहन-सल्ला : बंपरचे गंजलेले बोल्ट

प्रश्न : २०२१ च्या पुरात गाडी दारातच पाण्यात होती. इंजिनचं काम तेव्हाच करून घेतलं. आता पुढचा बंपर डावीकडून लोंबतोय. खालचे दोन बोल्ट गायब, उरलेल्यांवर पाना सरकतो. लांब स्क्रू मारून घेऊ का?
– एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : नका मारू. खालच्या बाजूला बहुतेक गाड्यांत पत्र्याच्या कडेवर चापासारखा स्प्रिंग नट बसवलेला असतो. त्यात जाड स्क्रू घुसवला की नट फाकतो, भोक मोठं होतं आणि पुढच्या वेळी तिथे काहीच धरत नाही.

बंपरच्या मागे पुराचा गाळ अजून असणारच. तो ओल धरून ठेवतो, म्हणून बोल्ट आतून गंजतात. आधी चाकाच्या कमानीतून पाणी मारून गाळ काढा. दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारा स्प्रे संध्याकाळी मारा, सकाळी पुन्हा एकदा. मग दहा नंबरची सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनांची गोटी गंजलेलं डोकं गोल करते, पाना सरकतो तो बहुधा त्यामुळेच. पहिला झटका सोडण्याच्या दिशेने देऊ नका. केसभर आवळा, ‘कट्’ असा आवाज आला की सोडवा. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा स्प्रे, असं करत काढा. गॅसची ज्योत इथे अजिबात नको, कारण पुढे प्लास्टिक आणि मागे एसीचा कंडेन्सर असतो.

स्प्रिंग नटमधला बोल्ट तुटला तर वाईट वाटून घेऊ नका, नट सरकवून काढायचा आणि नवा बसवायचा. नट पत्र्याला वेल्ड केलेला असेल तर मात्र तुटक्या बोल्टच्या बरोबर मध्ये पंच मारून ५ मिमीचं ड्रिल आणि एम-६चा, म्हणजे ६ मिमी जाडीच्या बोल्टचे आटे पाडणारा टॅप मारावा लागेल. ड्रिल तिरकं गेलं तर नटाचे आटेच जातात, त्यामुळे हे काम सरावाच्या हाताकडेच द्या.

दुकानात जाताना जुना बोल्ट सोबत न्या. दहा नंबरचं डोकं म्हणजे बहुधा एम-६, आट्यांचं अंतर १ मिमी. लांबी मोजूनच घ्या, जास्त लांब बोल्टाचं टोक मागे कशाला तरी टेकतं. रुंद कॉलरचा, जस्ताचा मुलामा असलेला घ्या. पहिले तीन-चार आटे बोटांनीच चढले पाहिजेत. अडला तर काढून पुन्हा लावा, पान्याने रेटू नका. सगळे बोल्ट सैल लावून बॉनेटची फट दोन्हीकडे सारखी करा, मगच आवळा. कॉलर टेकली की थांबा, प्लास्टिक दबेपर्यंत जोर नको.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस फार. पुढचे सगळे बोल्ट स्टेनलेसचे केले तर चालतील का?
– एक वाचक, मेढा

उत्तर : बंपरचं कव्हर, मडफ्लॅप, नंबरप्लेट यांना चालतील. स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून थोडं ग्रीस लावा. ॲल्युमिनियमच्या भागात मात्र ते नकोत, पाण्याच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बंपरच्या आतला बीम, क्रॉस मेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी), सस्पेन्शन इथेही नकोत. तिथल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, नेहमीचा स्टेनलेस त्या ताकदीचा नसतो. एअरबॅगचा धडक-सेन्सर पुढे पत्र्यावर असेल तर त्याचा बोल्ट कंपनीचाच हवा, आणि काम बॅटरी काढून ठेवूनच करा.

प्रश्न : इंजिनखालच्या कव्हरच्या चार क्लिपा पडल्या. वायरने बांधलंय.
– एक वाचक, कराड

उत्तर : वायर घरापर्यंत येण्यापुरतीच. कव्हरची पुढची कड सुटली तर हायवेवर वारा आत शिरतो आणि कव्हर मागे फाटत जातं. भोकाचं माप घ्यायला ड्रिलची बिटं एकेक घालून बघा, जे घट्ट न होता बसेल ते माप. बहुधा ७ ते १० मिमीच्या आत निघेल. दोन-चार जास्तच आणा. जुनी क्लिप काढताना आधी मधली पिन चपट्या स्क्रू ड्रायव्हरने वर उचला. अख्खी क्लिप एकदम उपटली तर तिचे पंजे मोडून भोकातच राहतात.